परसदारचे साप : प्रस्तावना

परसात साप दिसला की घरातला प्रत्येकजण एकच गोष्ट विचारतो, ‘विषारी आहे का?’ या पुस्तकातली चित्रं आणि वर्णनं त्या प्रश्नासाठीच आहेत. तरीही सुरुवातीलाच सांगायला हवं, की साप समोर असताना हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला तर उत्तर शोधायची बरी वेळ बहुधा टळून गेलेली असते. अंधार पडलेला असतो, बॅटरीचा झोत हलत असतो, मुलं ओरडत असतात, कुणीतरी काठी आणायला धावलेलं असतं आणि जनावर निम्मं लाकडांच्या ढिगाखाली शिरलेलं असतं. अशा घटकेला वीतभर शेपटीवरून मुरलेला जाणकारही छातीठोकपणे काही सांगणार नाही. सापाची ओळख आधीच करून ठेवायची असते. उन्हाळ्यात, दिवसाउजेडी, परसात साप नसताना. आपल्याकडे कोणते साप येऊ शकतात, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि कशाच्या ओढीने येतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं अर्धं काम साप दिसण्यापूर्वीच झालेलं असतं. या पुस्तकाचा सगळा रोख त्या अर्ध्या कामावर आहे.

म्हणून पहिलं प्रकरण सापांवर नाही, परसावर आहे. कोकणात घरामागे चिऱ्यांचा गडगा असतो, न्हाणीघराच्या पाण्यावर केळी नि अळू वाढलेलं असतं, पावसाच्या बेगमीची लाकडं आणि झावळ्या पडवीला टेकून रचलेल्या असतात. देशावर गोठा, कडब्याची गंज, गोवऱ्या, कोंबड्यांचं खुराडं आणि धान्याची पोती असतात. शहराच्या कडेला नुकत्याच उठलेल्या वस्त्यांमध्ये बांधकामाचा राडारोडा, फुटक्या फरश्या आणि उघडी गटारं असतात. या तिन्ही ठिकाणी साप येतात ते खाद्य आणि आडोसा शोधत. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे नाग, धामण, घोणस किंवा तस्कर. सांडपाण्याच्या ओलीला बेडूक जमतात आणि त्यांच्यासाठी दिवड नि नानेटी येतात. दिव्याभोवती किडे, किड्यांसाठी पाली आणि पालींसाठी भिंतीवर चढणारा कवड्या. मण्यार तर दुसरे सापही खाते. परसाचा कोपरा नीट पाहिला, तर तिथे कोणता साप निघण्याचा संभव आहे याचा अंदाज साप न पाहताही बांधता येतो.

हा अंदाज किती मोलाचा आहे हे आकडेवारी सांगते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने दगावली. म्हणजे दरवर्षी सरासरी 58 हजार. त्यांतली बहुसंख्य खेड्यातली, निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली आणि पाव हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांच्या आतली मुलं. यातले पुष्कळ दंश घरात, अंगणात, परसात आणि घरालगतच्या शेतात झाले. देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, पण माणसांच्या मृत्यूंचा मोठा भार चार जातींवर येतो : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चौघेही माणसाच्या वस्तीजवळ राहतात आणि महाराष्ट्रात चौघेही आहेत. त्यामुळे वाचकाने सगळे साप पाठ करावेत अशी माझी अपेक्षा नाही. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे निरुपद्रवी साप एवढे पक्के झाले तरी घराला पुरतात.

या चौघांत मण्यारीला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण ती सर्वांत कमी दिसते. दिवसभर ती विटांच्या ढिगात, घुशीच्या बिळात, भिंतीच्या भेगेत पडून असते आणि रात्री बाहेर पडते. अंग चकचकीत काळं किंवा निळसर काळं, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा, बहुतेक जोडीजोडीने. या रेघा मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या कण्यावरून षटकोनी खवल्यांची एक रांग जाते. हे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. कवड्या हा तिचा निरुपद्रवी सारखा. तो बहुधा तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. पट्टे कुठे ठळक आहेत, डोक्याकडे की शेपटीकडे, एवढं एक लक्षण परसात पाहण्यासारखं आहे. मात्र कवड्या समजून मण्यार हातात घेतल्याने माणसं मेली आहेत, त्यामुळे या लक्षणाचा उपयोग हात लावण्याचा परवाना म्हणून कुणीही करू नये.

मण्यारीचा दंश बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दात इतके लहान असतात की कित्येकदा खूण सापडत नाही, सूज येत नाही, वेदनाही फारशी नसते. माणूस मध्यरात्री पोट दुखतंय म्हणून उठतो, घसा धरल्यासारखा होतो, पहाटे पापण्या मिटायला लागतात आणि त्यानंतर श्वास मंदावतो. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं काही होऊ लागलं, तर घरात साप कुणी पाहिला नसला तरी मण्यारीची शंका घ्यायलाच हवी. ही शंका वेळेवर आली तर जीव वाचतो. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचणं हा या सापापासूनचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बचाव आहे.

घोणशीची गोष्ट वेगळी आहे. ती लपते, पण छेडली तर आपण आहोत हे सांगते. तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांब आणि मोठा असतो. अंग जाड, शेपूट आखूड, डोकं त्रिकोणी, आणि पाठीवर गडद तपकिरी लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या ओळीने गेलेल्या. तिला पुष्कळ लोक अजगराचं पिल्लू समजतात आणि इथेच घात होतो. अजगराच्या पाठीवरचे डाग मोठे आणि वेडेवाकडे असतात, त्यांची ओळ लागत नाही. डुरक्या घोणस ही बिनविषारी. तिचेही डाग एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपूट खरखरीत असते. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून अधिक. ही पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडतात आणि जन्मापासून विषारी असतात. त्या दिवसांत परसात छोटा, जाडसर, ठिपक्याठिपक्यांचा साप दिसला तर ‘पिल्लूच आहे’ म्हणून कुणी त्याला चिमट्यात धरू नये.

फुरसं बहुधा हातभराच्या आतलं. कोकणच्या जांभ्याच्या कातळावर, दगडांखाली, गवताच्या बुडख्यात त्याचा रंग असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. डोक्यावर बाणासारखी फिकी खूण असते. डिवचलं की अंगाची वेटोळी करून खवले एकमेकांवर घासतं आणि करकर असा आवाज काढतं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्यांना सरकार बक्षीस देत असे आणि लाखांनी फुरशी मारल्याच्या नोंदी आहेत. कातळावर फुरसं अजूनही आहे. मारून हा प्रश्न सुटत नाही, याचा इतका मोठा पुरावा आपल्याच मातीत आहे. गवत कापताना गमबूट घालणं, दगड उचलण्याआधी काठीने हलवणं, रात्री पायवाटेवर उजेड टाकणं यांनी जे साधतं ते बक्षिसांनी साधलं नाही.

नागाची ओळख सगळ्यांना आहे असं वाटतं, पण ती फण्याची ओळख आहे. चालता नाग फणा काढत नाही, आणि फण्यावरचा दहाचा आकडा प्रत्येक नागावर ठळक असतोच असंही नाही. फणा न काढलेला नाग आणि मोठी धामण यांत परसातली माणसं नेहमी गल्लत करतात. धामणीचे डोळे मोठे, मान डोक्यापेक्षा स्पष्ट बारीक, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, आणि ती दिवसाढवळ्या फार चपळ असते. नागाचं डोकं मानेपासून तितकं वेगळं दिसत नाही. पावसाच्या तोंडावर दोन धामणी एकमेकींना विळखे घालून उभ्या राहतात, तेव्हा ‘नाग-धामणीचं लगीन’ लागलं म्हणून गाव जमतं. ती दोन नरांची झुंज असते. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते हाही तितकाच निराधार समज. कोणताही साप असा आचळातून दूध ओढू शकत नाही, आणि गोठ्यात धामण येते ती उंदरांसाठी. धामण मारलेल्या घरात पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि उंदरांमागे नाग येतो. ही साखळी शेतकरी घरांनी तरी ओळखायला हवी.

या पुस्तकात ओळखीचे जे जुने ठोकताळे मी टाळले आहेत, ते का टाळले हेही सांगतो. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी, हा नियम घोणस-फुरशाला लागू पडतो. नाग आणि मण्यार यांची डोकी त्रिकोणी नसतात. उलट मांजऱ्यासारख्या साध्या सापाचं डोकं रुंद आणि मान बारीक असते, त्यामुळे तो फुरसं समजून मारला जातो. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी दंश, हाही भरवशाचा नियम नाही. मण्यारीची खूण कित्येकदा दिसतच नाही आणि घाईत झालेल्या दंशाची कधी एकच खूण उमटते. भडक रंग म्हणजे विष, हेही खोटं. परसातलं सर्वांत घातक जनावर दोन रंगांचं, काळं आणि पांढरं आहे.

ओळखीच्या पद्धतीलाही इतिहास आहे आणि तो समजून घेतला की आजची गरज कुठे वेगळी आहे ते कळतं. 1796 साली पॅट्रिक रसेल या वैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणशीच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव आजही आहे. 1872 मध्ये जोसेफ फेअररचा विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ आला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी फ्रँक वॉल यांनी खवल्यांवरून साप ओळखण्याची रीत सोपी करून लिहिली आणि 1943 मध्ये माल्कम स्मिथ यांच्या ग्रंथाने त्या ज्ञानाची मांडणी पक्की केली. ओठावरचा कितवा खवला डोळ्याला आणि नाकपुडीलगतच्या खवल्याला भिडतो, शेपटीखालचे खवले अखंड की दुभंगलेले, या कसोट्या आजही अचूक आहेत. पण त्या तपासायला साप हातात लागतो. म्हणजे तो मेलेला तरी हवा, नाहीतर धरणारा तरबेज हवा. परसात उभ्या असलेल्या माणसाकडे यांतलं काही नसतं आणि असूही नये. पी. जे. देवरस यांनी सामान्य वाचकासाठी लिहिलेलं भारतीय सापांवरचं पुस्तक, 1986 साली पुण्याजवळ कात्रजला उभं राहिलेलं सर्पोद्यान आणि नीलिमकुमार खैरे यांचं महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातल्या सापांवरचं मार्गदर्शक पुस्तक, यांनी जिवंत साप पाहायची सवय लावली. मी त्याच वाटेने जातो आहे, फक्त दोन-तीन मीटर मागे उभं राहून. या पुस्तकात दिलेलं प्रत्येक लक्षण तेवढ्या अंतरावरून किंवा मोबाईलने दुरून काढलेल्या फोटोत दिसेल असंच निवडलं आहे.

एक अपवाद आहे, तो कातीचा. कात हातात घेऊन निवांत पाहता येते आणि सापाविषयी पुष्कळ काही सांगते. मण्यारीच्या कातीवर पाठीच्या मधल्या रांगेतले मोठे षटकोनी खवले स्पष्ट दिसतात. घोणशीच्या कातीवर पाठीच्या खवल्यांच्या मधोमध उंचावलेली बारीक धार जाणवते. डोक्याचा भाग शाबूत असेल तर डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्याही तिथेच सापडतात. कात निघताना ताणली जाते, म्हणून तिच्या लांबीवरून सापाची लांबी धरू नये. परसात कात मिळाली तर ती फेकू नका. मुलांना बसवून या पुस्तकाशी ताडून पाहा. सापाचा अभ्यास सुरू करायला याहून सुरक्षित साधन नाही.

आता दंशानंतरच्या ओळखीविषयी, कारण इथे सर्वांत जास्त वेळ आणि जीव वाया जातात. कुणाला पान लागलं की घरातली दोन माणसं साप शोधायला जातात. त्यात कधी दुसऱ्यालाही दंश होतो आणि रुग्णाला न्यायला उशीर होतो. साप दवाखान्यात नेण्याची गरज नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर एकत्र चालेल असंच बनवलेलं असतं. मुंबईची हाफकिन संस्था या कामात जुनी आहे, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. डॉक्टर सापाचं नाव ऐकून नव्हे, तर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. पापण्या मिटतायत का, श्वास कमी होतोय का, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जातंय का, सूज चढतेय का हे पाहतात. शिरेतलं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे हे कळतं. सह्याद्रीत चापड्यासारखे काही साप या प्रतिविषाच्या कक्षेबाहेर आहेत, पण तेही ठरवायचं काम डॉक्टरांचं.

घरच्यांनी करायचं ते थोडं आहे आणि ते नेमकं करायला हवं. रुग्णाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही, दंश झालेला हात किंवा पाय फळी-काठीच्या आधाराने हाडमोडीला बांधतात तसा स्थिर ठेवायचा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढायचे आणि 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. घट्ट दोरी बांधायची नाही, जखमेवर चिरा द्यायचा नाही, विष तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही. बिनविषारी दंश किंवा विष न सोडता झालेला विषारी सापाचा दंश पुष्कळदा आपोआप बरा होतो; मांत्रिकाला मिळणारं यश हे त्या दंशांचं असतं. ज्या दंशात विष भिनलेलं असतं, त्यात देवळात गेलेला तास परत येत नाही. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आणि सर्पदंशावर जे काम केलं, त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते : ग्रामीण दवाखान्यातही वेळेवर आलेला रुग्ण वाचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं ध्येय ठेवलं आहे आणि भारताने 2024 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पण रुग्ण दवाखान्यात पोहोचायला हवा, आणि ती जबाबदारी घरापासून सुरू होते.

परसात दिसणारे बहुतेक साप या भीतीचे धनी नाहीत. पाठीवर पिवळसर दोन पट्टे मिरवणारी नानेटी हातभर दूरच्या बेडकावर टपून असते आणि माणसाला सहसा चावत नाही. दिवड रागीट असतो, चावतोही, पण त्याला विष नसतं. मोरीत सापडणारा वाळा पाहून गांडुळाचा भास होतो. तो मुंग्यांची अंडी आणि वाळवी खातो, आणि कानात शिरतो म्हणून त्याला मारणं हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. मांडुळाचे हाल तर अंधश्रद्धेने आणि चोरट्या व्यापाराने केले. बोथट शेपटीला दुसरं तोंड समजून, गुप्तधनाच्या आशेने ही गरीब जनावरं पकडली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडून ठेवणं, त्यांचे खेळ करणं गुन्हा आहे. कायद्याइतकंच मला हे सांगावंसं वाटतं, की यांतल्या एकेकाला जवळून जाणलं की त्याला मारायला हात उठत नाही.

मग साप दिसला तर करायचं काय? ओळख पटेपर्यंत तो विषारी आहे असंच धरायचं, दूर उभं राहायचं, त्याची वाट मोकळी ठेवायची आणि तो कुठे जातो ते पाहायचं. परसातला साप बहुतेक वेळा आपणहून निघून जातो. घरात शिरला असेल तर खोलीचं दार लावून फटीत कापड कोंबावं आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला, 1926 या क्रमांकावर, बोलवावं. सर्पमित्रांनाही एक विनंती आहे : पकडलेला साप हातात नाचवून फोटो काढू नका, आणि उगाच लांबच्या रानात नेऊन सोडू नका. अनोळखी मुलखात साप आडोसा नि भक्ष्य शोधत भरकटतो, आणि रिकाम्या झालेल्या परसात दुसरा येतो. परस बदलला नाही तर साप नेऊन फारसं काही बदलत नाही. लाकडं जमिनीपासून वीतभर वर, मांडणीवर रचली, राडारोडा उचलला, धान्याची पोती बंद पिंपांत गेली, खुराडं घराच्या भिंतीपासून दूर नेलं आणि मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, तर पुढचे कित्येक साप दारापर्यंत येणारच नाहीत.

हे पुस्तक वैशाखात वाचावं अशी माझी इच्छा आहे. घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बायकांनी आणि रात्री ओसरीवर झोपणाऱ्या म्हाताऱ्यांनी, एकदा परसाची फेरी मारावी. कुठे उंदीर, कुठे ओल, कुठे ढीग हे पाहावं आणि त्याच्यापुढे संभाव्य सापाचं नाव लिहावं. त्याच कागदावर प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय, तिथे रात्री पोहोचायचा रस्ता आणि गाडी देऊ शकणाऱ्या शेजाऱ्याचा क्रमांक लिहावा. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविष शिल्लक आहे का हे विचारावं, आणि नसेल तर ग्रामसभेत तो विषय मांडावा, पुन्हा पुन्हा मांडावा. सापाची ओळख घराघरात पोहोचली आणि प्रतिविष गावागावात पोहोचलं, तर आज मरणारी बहुतेक माणसं आणि बहुतेक साप, दोघेही वाचतील.